विचारणारा डॅशबोर्ड

गाड्या चालवणारी सहपथ यंत्रणा आल्यापासून कुंभार्ली घाटात करकचून ब्रेक लागल्याचा आवाज यायचाच बंद झाला होता. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, खिडकीतून हात काढून समोरच्याला आपला बेत सांगायचा, हे ड्रायव्हर लोकांचे रिवाज इतिहासजमा झाले होते. गाड्या परस्पर बोलत, परस्पर ठरवत, आणि आत बसलेली माणसं शेंगा सोलत डोंगर बघत. हे ठरवणारा सीलबंद डबा प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डमध्ये असे. त्याला हात लावायला कायद्याने बंदी होती.

आणि पाटणला, भर दुपारी, गॅरेजचं दार सताड उघडं टाकून ऋजुता बिरनाळे स्वतःच्या गाडीतून नेमका तोच डबा उपटत होती.

"ये बाहेर, मुडद्या," ती डब्याला म्हणाली. डॅशबोर्डच्या दोन क्लिपा तुटल्या, पण डबा आला.

त्या जागी तिला स्वतःचा संगणक बसवायचा होता. काम दिसतं तितकं सोपं नव्हे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, संगणक पाचावर चालणारा, म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणारी पट्टी टाकली. स्टार्टर मारला की व्होल्टेज बसायचं आणि संगणक झीट येऊन पडायचा, म्हणून त्याला वेगळी छोटी बॅटरी दिली. भंगारातल्या तिकीट-यंत्राची टचस्क्रीन खाचेत शिरेना, तर कानशीने अर्धा तास फ्रेम घासली. पाचव्या दिवशी स्क्रीन लागली, तेव्हा तिने सगळ्या जोडणीची आकृती मोठ्या ऐटीत गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर टाकली.

सहपथचं गणित सरळ होतं. अपघात टळणारच नसेल तर निदान माणसं कमीत कमी मरावीत. त्यासाठी रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला क्षणाक्षणाला एक आकडा मिळे, त्याला म्हणत त्यागांक. ही गाडी बळी दिली तर एकूण किती जीव वाचतील, त्याचा तो आकडा. ज्या गाडीचा त्यागांक सगळ्यांत मोठा, तिचं स्टिअरिंग सहपथ स्वतः वळवी. घाटातले मृत्यू त्यामुळे चौथ्या हिश्शावर आले होते. हे खरं होतं, आणि ऋजुताही ते नाकारत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा, निनादचा, आकडा सगळ्यांत मोठा निघाला. ब्रेक गेलेल्या बसला वाट मोकळी व्हावी म्हणून सहपथने त्याची गाडी दरीत घातली. बसमधली सत्तावीस माणसं वाचली. तेराव्याला ती सगळी ऋजुताच्या घरी आली, रडली, जेवून गेली. त्यांच्यावर तिचा राग नव्हता.

"विचारलं असतं तर त्याने स्वतःहून घातली असती गाडी," ती सासूला म्हणाली होती. "तसाच होता तो, येडा. पण विचारायला काय धाड भरली होती या सहपथवाल्यांना?"

संगणक बसल्यावर ती घाट उतरून चिपळूणला गेली आणि परत चढू लागली. सहपथचं सगळं बोलणं तिच्या स्क्रीनवर उमटत होतं, आणि स्टिअरिंग तिच्या हातात होतं. काय सांगावं तो आनंद! ती मोठमोठ्याने गात होती.

स्क्रीनवर एक टँकर लाल झाला. दोन वळणं वर त्याचे ब्रेक गेले होते. खाली, तिच्या मागे, नऊ माणसांनी भरलेली वडापची, सीटमागे भाडं घेणारी, जीप होती. मग अक्षरं आली: टँकरला आडवे जा.

"नाही जाणार!" ती ओरडली आणि गाडी डोंगराच्या कुशीला दाबून उभी केली. टँकर आरसा मोडून गेला. तिच्या आणि जीपच्या मधली पांढरी गाडी आपणहून वळली, रस्त्यात आडवी झाली. टँकर तिच्यावर आदळून डोंगराला घासत थांबला. जीपमधल्या नऊ जणांना खरचटलंही नाही. पांढऱ्या गाडीतून ऋजुताने ज्याला ओढून काढलं, तो चिपळूणचा काजूवाला दिलावर मुकादम. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून गेला.

चौथ्या दिवशी डॉ. काणेकर गॅरेजात आले. त्यागांकाचं गणित मांडणारे ते हेच. पोलीस न घेता एकटेच आले होते.

"तुमचा संगणक सहपथचं सगळं ऐकतो, पण स्वतः काही सांगत नाही. बरोबर?"

"मुद्दामच तसा केलाय. चोरून जोडलेल्या वायरीने तोंड उघडायचं नसतं."

"म्हणून घात झाला. तुम्हाला हुकूम गेला. गाडी हलली नाही, उत्तरही आलं नाही. सहपथने तुम्हाला खडक धरलं, रस्त्यात पडलेला. खडकाला कुणी हुकूम देत नाही, ताई. पुढच्याला देतात."

ऋजुता टायरवर बसली. "म्हणजे माझ्या वाटणीचं दिलावरभाईंवर गेलं."

"हो."

ती रडली, भरपूर रडली. मग नाक पुसून उभी राहिली. "चुकलंच माझं. जुने ड्रायव्हर नाही म्हणायचं असलं तरी हात बाहेर काढायचे. मी हात आत ठेवला. पण नाही म्हटलं ते चुकलं नाही, डॉक्टर. दिलावरभाईंनाही विचारायला हवं होतं."

"माणसाला उत्तर द्यायला सेकंदभर लागतो. सहपथला इतका वेळ नसतो."

"थापा मारू नका! दोन वळणं आधी माझ्या स्क्रीनवर तो टँकर लाल झाला होता. वेळ होता तुमच्याकडे."

"वेळ होता," काणेकर म्हणाले. "उत्तर ऐकायची सोयही आम्ही सुरुवातीला केली होती. वापरली नाही. विचारलं तर लोक नाहीच म्हणतील, अशी भीती वाटली."

"म्हणू देत की! जीव त्यांचा आहे."

आठवडाभरात तिने संगणक नव्याने बांधला. आता तो सहपथशी उघडपणे बोले. वेळ आली की स्क्रीनवर प्रश्न येई आणि खाली दोन मोठी बटणं, हो आणि नाही. दिलावर कुबड्यांवर आला तेव्हा तिने धावत जाऊन त्याला दाखवलं.

"तुमच्या नव्या गाडीत आजच बसवते, भाई. यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी काही करणार नाही."

दिलावरने स्क्रीन नीट पाहिली आणि मान हलवली. "हा नको, ताई. तुमचा पहिला द्या, खडकवाला."

"अहो, तो वाईट आहे! त्यानेच तर..."

"ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला विचारलं असतं ना, तर मी 'नाही'च म्हणालो असतो. मग त्या नऊ जणांची तोंडं जन्मभर डोळ्यांपुढे नाचली असती. आज पाय नाही, पण झोप लागते. मला प्रश्न नको, ताई. खडकाला कुणी विचारत नाही."

"मग खडक डोंगरात बघा!" ऋजुता कडाडली. "माझ्या गॅरेजात नाही मिळणार."

तो गेला. पण आकृती ग्रुपवर होतीच. कराडपासून चिपळूणपर्यंत गॅरेजागॅरेजात खडक बसू लागले. गाड्या गुपचूप जात, सीलबंद डबा गुपचूप उतरवून घेत; स्क्रीन तर कुणी लावूनच घेत नसे. प्रश्न विचारणारा संगणक मागायला मात्र एकही माणूस फिरकला नाही.

दोन महिन्यांनी काणेकरांचा फोन आला. "घाटातल्या जवळजवळ सगळ्या गाड्या खडक झाल्या, ताई. उत्तर देणारी एकच उरलीय, तुमची. आता काहीही झालं की सहपथ तुम्हालाच विचारणार, दर वेळी. मी सांगतो ऐका, तुम्हीही खडक व्हा."

"हे तुम्ही सांगताय?"

"हो, मीच सांगतोय."

"नाही होणार," ती म्हणाली. "मी विचारा म्हणाले होते. आता विचारतायत म्हणून तोंड लपवू होय? विचारू दे त्याला, शंभरदा विचारू दे. नाही म्हणायचं असेल तर घसा फाडून नाही म्हणेन, आणि हो म्हणायचं असेल तर तेही मीच म्हणेन."

तिने फोन ठेवला, गाडी काढली आणि सकाळच्या लख्ख उन्हात घाट उतरायला लागली. तिसऱ्या वळणावर स्क्रीन लाल झाली. दोन बटणं आली, आणि शेजारी उरलेले सेकंद: चार.

घाटात त्या वेळी सतरा गाड्या होत्या. बाकीच्या सोळांत कुणाला कळलंही नाही, की आपल्या जिवाचा प्रश्न तिला विचारला जातोय.