शेजारच्यासाठी पाणी

वृद्धाश्रमात अंधार पडायच्या आत पोचायचं होतं आणि रस्ता आता फारसा उरला नव्हता. म्हणूनच धाकटीने गाडी थांबवायला लावली.

"जरा पाय मोकळे करू," ती म्हणाली. "आबांनाही बरं वाटेल."

"आबांचे पाय मोकळे करायला दोन माणसं लागतात," थोरला म्हणाला, पण त्याने गाडी कडेला घेतली. त्यालाही घाई नव्हती. डिकीत वडिलांची बॅग होती आणि ती त्यानेच भरली होती.

दोघा भावंडांनी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला होता. थोरला छापखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या. धाकटी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून आबांची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. दिवसभर त्यांच्याजवळ बसायला कोणीतरी हवं होतं. मिळेल ते माणूस टिकत नव्हतं, कारण आबा सगळ्यांना हाकलायचे. डाव्या हाताची पाचही बोटं टोकाशी जुळवायची आणि हात हळूच डावीकडे सरकवायचा. व्हा बाजूला. दिवसातून कितीदा तरी. अलीकडे थोरल्यालासुद्धा. त्याने ते फार मनाला लावून घेतलं होतं, बोलून दाखवत नव्हता एवढंच.

गाडीतून उतरल्यावर मात्र तिघेही काही क्षण नुसते उभे राहिले. दरीच तशी होती. हिमनदीने कोरलेली, तळाशी रुंद आणि गोलसर, हे धाकटीला पाहताक्षणी कळलं; पण कळल्याने दरीचं अप्रूप काही कमी झालं नाही. एकाखाली एक दोन तळी, दोन्ही काळीशार आणि निश्चल. दोन्ही अंगांनी डोंगर उतरत आलेले. वरच्या कड्यावर ऊन होतं, खाली सावली. आणि त्या सावलीत, गवतात, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा, मौन पाळणाऱ्या ख्रिस्ती साधूंचा मठ. एक उंच गोल मनोरा, छप्पर उडालेलं प्रार्थनागृह, मधमाशांच्या पोळ्यासारख्या दगडी कोठड्या, आणि बाकी सगळीकडे गुडघाभर उंचीच्या भिंती. माणसांनी इथे येऊन बोलणं का सोडलं असेल, ते तिला न विचारता समजलं.

दुसरं कोणी आलेलं नव्हतं. तिकीटखिडकीतली बाई कंटाळलेली असावी. ती आपणहून सोबत निघाली आणि थेट भोजनगृहात घेऊन आली. लांबच लांब दालन, वर आभाळ, खाली गवत. दोन्ही भिंतींना लागून दगडी बाक. बसून बसून त्या बाकांना खळगे पडले होते, एकाला लागून एक, थेट टोकापर्यंत.

आबांना घरी बस म्हणावं लागायचं, ऊठ म्हणावं लागायचं. इथे त्यांनी थोरल्याचा हात सोडला, काठी टेकत भिंतीच्या कडेने निघाले, जवळच्या रिकाम्या जागा ओलांडून पुढे गेले आणि एका खळग्यात नीट बसले. स्वतःची जागा असल्यासारखे.

"आजोबांना आवडलं," बाई म्हणाली. "इथे जेवताना बोलायची बंदी होती. मीठ, पाणी, सगळं हाताच्या खुणांनी मागायचं. त्या खुणा दारावर कोरल्यात, येताना पाहिल्यात ना? आणि त्यातही गंमत अशी, की स्वतःसाठी काही मागायचं नाही. शेजाऱ्याला काय कमी पडलंय ते तुम्ही बघायचं. तुमचं तुमचा शेजारी बघणार."

"आणि शेजारी खडूस निघाला तर?" थोरल्याने विचारलं.

"तर उपाशी!" बाई हसली. "हे बघा, हे मीठ." तिने दोन बोटं एकमेकांवर चोळली. "आणि हे पाणी."

तिने पाचही बोटं टोकाशी जुळवली आणि हात हळूच शेजारच्या जागेकडे सरकवला.

थोरला हसता हसता थांबला.

तेवढ्यात फाटकाशी कोणाचा तरी हॉर्न वाजला आणि बाई परत गेली. भावंडं एकमेकांकडे बघेनात.

"टीव्हीवर पाहिलं असेल त्यांनी," थोरला शेवटी म्हणाला.

"आबा टीव्ही बघतात?"

"नाही."

"दादा, योगायोग आहे. एका हाताच्या खुणा असून असून किती असणार? एखादी जुळायचीच."

"मग मास्तरीणबाई, तुम्ही एवढ्या पांढऱ्या का पडलात?" तो म्हणाला. पण त्याचा स्वर थट्टेचा नव्हता. "मला वाटायचं, ते मला हाकलतायत," असं काहीतरी पुटपुटत तो दाराकडे गेला आणि तळ्याकडे तोंड करून उभा राहिला.

धाकटी आबांच्या उजवीकडे बसली. दगड गार होता. तिने सवयीने आजूबाजूला नजर फिरवली. दोन्ही बाकांपुढे, प्रत्येक खळग्यासमोर, गवत दबलेलं होतं. पर्यटक बसत असतील, तिने मनाशी म्हटलं. मधल्या भागात गवत सरळ उभं होतं.

आबांनी खूण केली.

ती खूण तिने शेकडो वेळा पाहिली होती, पण बाजूला बसून कधी पाहिली नव्हती. समोरून जे हाकलणं वाटायचं, ते इथून आर्जव दिसत होतं. आबा कोणाला दूर लोटत नव्हते. डावीकडच्या रिकाम्या जागेकडे त्यांची नजर होती, आणि चेहऱ्यावर दुसऱ्याची काळजी.

तिने पिशवीतून आबांचा पेला काढला आणि बाटलीतून त्यात पाणी ओतलं. मग, आपण हा मूर्खपणा करतोय हे पक्कं ठाऊक असताना, हात लांबवून तो पेला आबांच्या डावीकडच्या खळग्यापुढे, बाकाच्या कडेवर ठेवला.

आबांनी सुस्कारा टाकला. तिने त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ऊबदार होता.

वारा नव्हता.

पाण्याची पातळी खाली गेली.

हळूहळू झिरपल्यासारखी नाही. थोडी खाली जायची, थांबायची. पुन्हा थोडी. एखादा माणूस दम घेत, घोटाघोटाने पितो तशी. पेला हलला नाही. बाकाचा दगड कोरडा होता. तिने पेल्याला तडा शोधला, ऊन कुठे पडलंय ते पाहिलं, मनातल्या मनात आकडे मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

पेला रिकामा झाला. तिला भीती वाटायला हवी होती. तिचे डोळे भरून आले.

दारातून थोरला आला तो आबांची शाल घेऊनच. ती बॅगेत अगदी तळाशी होती. म्हणजे त्याने गाडीपर्यंत जाऊन बॅग उपसली होती. त्याने शाल आबांच्या खांद्यांवर घातली, गळ्याशी नीट बसवली.

"गारठलेत," तो म्हणाला. "सांगितलंस ते बरं केलंस."

"मी काही बोलले नाही."

"बोलली नाहीस गं, खूण केली. आबांकडे दाखवून दंड चोळले. दारातून दिसलं मला."

धाकटीने आपले हात वर केले. दोन्ही हातांत आबांचा हात होता.

थोरला बघत राहिला. मग त्याची नजर आबांच्या डावीकडे गेली, आणि तिथेच थांबली.

"कुठून केली खूण, दादा?"



दालनाच्या दूरच्या टोकाला दबलेलं गवत उभं राहिलं.

मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्याही अलीकडचं. दोन्ही भिंतींनी, एकेका जागेसमोर, बसलेली माणसं उठून निघावीत तसं ते सावकाश सरळ होत आलं. आवाज अजिबात नाही. डोंगरावरचं ऊन तेवढं कड्यावरून सरकलं. सगळं दालन भावंडांच्या डोळ्यांसमोर रिकामं होत गेलं.

आबांच्या डावीकडचं गवत मात्र तसंच राहिलं. दबलेलं.

आबा आपले आपण उठले.

ते गाडीपाशी परत आले. थोरल्याने वडिलांना मागच्या सीटवर बसवलं. ते सरकत मधोमध गेले आणि डाव्या बाजूला जागा ठेवून बसले.

"घरी?" धाकटीने विचारलं.

"घरी."

"पण दिवसभर त्यांच्याजवळ कोण—"

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. थोरला वळसा घालून गाडीच्या डाव्या बाजूला गेला होता. त्याने मागचं दार उघडलं, आणि म्हाताऱ्या माणसाला चढायला वेळ लागतो तितका वेळ, मान थोडी लववून, ते धरून उभा राहिला.

गाडीची मागची बाजू अगदी थोडी, स्प्रिंगवर हलकं ओझं यावं तेवढी, खाली गेली.

त्याने दार अलगद लावलं.