लगतची जागा

मृतांची मनं जपणाऱ्या नाशिकच्या चेतनागारात सकाळी नऊ वाजता पडद्यावर आकडा उमटला : शिल्लक जागा दोन टक्के. शाल्मली दातार तिथली प्रणाली-अभियंता. असे आकडे तिने शेकड्यांनी पाहिले होते; पण हे यंत्र तिच्या आईचं होतं.

आठ वर्षांपूर्वी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, वसुमतीबाईंच्या मनाचा ठसा घेतला गेला. तेव्हापासून त्या एका आभासी यंत्रात जगत होत्या. म्हणजे मोठ्या संगणकाच्या पोटात निव्वळ आज्ञावलीने उभारलेल्या संगणकात. तिथून त्या लेकीशी बोलत, भांडत, नवं काही लक्षात ठेवत. गेल्या आठवड्यापासून मात्र त्यांची वाक्यं मध्येच तुटू लागली होती.

"आठ वर्षांच्या आठवणींनी डिस्क भरली आहे," विभागप्रमुख जामखेडकर म्हणाले. "यंत्र थांबलं तर मूळ ठशावरून पुन्हा सुरू करता येईल. पण ही आठ वर्षं जातील."

"डिस्क वाढवू या ना, सर."

"कालच वाढवली. पण नवी जागा डिस्कच्या शेवटी आली आहे. डिस्कचा कोणताही कप्पा पसरतो तो फक्त लगतच्या मोकळ्या जागेत. आईंचा कप्पा आणि ही जागा यांच्यामध्ये मूळ ठशाचा कप्पा बसलाय."

"तो पलीकडे सरकवला तर?"

"त्याला लावलेली सुरक्षेची मोहोर त्या जागेशीच बांधलेली असते. सरकवला की वाचता येणार नाही. दुसरी प्रत काढायला कायद्याची बंदी आहे. तो पुसायचा, नाहीतर यंत्र थांबू द्यायचं."

शाल्मलीने आईला सगळं सांगितलं.

"त्या कप्प्यात कोण आहे?" वसुमतीबाईंनी विचारलं.

"तूच. त्या दिवशीची."

"तुझं लग्न, तुझा मुलगा, यातलं काहीच तिला ठाऊक नाही. मला ती व्हायचं नाही. पूस."

शाल्मलीने कप्पा पुसला आणि आईचा कप्पा पसरवला. चार मिनिटांचं काम. शिल्लक जागा नव्वद टक्के! वसुमतीबाईंनी पहिलं वाक्य सलग उच्चारलं, जावयाबद्दलची तक्रार होती ती. शाल्मली हसत हसत रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा ऐंशीवर आला होता.

तिने यंत्राची नोंदवही उघडली. एकच ओळ, लाखो वेळा : 'आठवण सापडली नाही'. प्रत्येक ओळीपुढे पत्ता एकच, आणि तो पुसलेल्या कप्प्यातला. पत्त्याला जोडलेल्या नावानुसार ती आठवण होती शाल्मलीच्या वडिलांच्या आवाजाची. ठशावरून जिवंत मन उतरवताना तेवढी एक आठवण उतरलीच नव्हती. तिचा नुसता पत्ता आला होता.

जामखेडकरांनी त्या ओळी वाचल्या.

"म्हणजे डिस्क आठवणींनी भरलीच नव्हती. या शोधाने भरली होती. पूर्वी प्रत्येक शोध मोहोरेपाशी अडायचा, नकार यायला काही मिनिटं लागायची. आता मोहोरच नाही. नकार तत्क्षणी येतो, आणि लगेच पुढचा शोध सुरू होतो. आठ वर्षांत जे घडलं, ते आता नऊ दिवसांत घडेल."

"या नोंदी पुसून टाकते."

"त्या यंत्राच्या नोंदी नाहीत, शाल्मली. आठवू पाहणं हीसुद्धा आठवणच असते. या ओळी आईंच्या इतर प्रत्येक आठवणीत विणल्या गेल्यात. कुठून कापणार?"

"डिस्क आणखी वाढवू."

"वाढवू. कमाल मर्यादेपर्यंत गेलो तरी महिनाभर."

शाल्मलीने वडिलांच्या आवाजाची जुनी ध्वनिफीत यंत्राला ऐकवली. वसुमतीबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"छान आहे गं. पण हे तुझे बाबा सगळ्यांशी बोलताहेत. माझ्याशी बोलायचे तो आवाज निराळा होता."

"कसा होता?"

"तेच तर आठवत नाही."

मग शाल्मलीने काही लपवलं नाही. कप्पा, पत्ता, नऊ दिवस, सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना?" वसुमतीबाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "तू रडू नकोस. मी आता तो आवाज आठवायचाच नाही असं ठरवते."

"आई, नको—"

"ठरवलं. बघ, अजिबात आठवत नाही."

पडद्यावरचा आकडा एकोणऐंशीवरून अठ्ठ्याहत्तरवर आला. शाल्मली काही बोलायच्या आत तो सत्त्याहत्तर झाला.