खिशातले हात

पिट्सबर्गच्या चढउतारांवर पाकिटं पोचवणाऱ्या पोरीच्या सायकलला ब्रेक नसेल, तर तिला नोकरीही नाही. शनिवारी सकाळी दोन्ही मुठी आवळूनही माझी सायकल थांबेना. थांबली ती सायकल-दुरुस्तीच्या एका दुकानासमोर झाडणाऱ्या उंच माणसाच्या झाडूवर.

"दुकान दहाला उघडतं," झाडूचे दोन तुकडे बघत तो म्हणाला. "इतकी घाई?"

"हे दुरुस्त कर. सोमवारपर्यंत ब्रेक लागले नाहीत तर साहेब हाकलणार आहे मला."

त्यानं दोन्ही हात खिशात घातले. "मी नाही. तू करायचं."

तिथला नियमच तसा. शिकवणारे दुरुस्ती फुकट शिकवतात, पण तुमच्या सायकलला बोट लावत नाहीत. ज्यानं लावलं, त्यानं महिनाभर दुकानाचा संडास घासायचा. झाडूवाल्याचं नाव ओटिस. मी मार्नी. आणि नियम सांगणाऱ्या पुरुषांचा मला मनापासून संताप येतो.

"चाकाच्या रिमवर बोट फिरव," ओटिस म्हणाला.

बोट काळंकुट्ट, तेलकट.

"तेल कुणी मारलं?"

"मीच. ब्रेक किंचाळायचे. अख्खा रस्ता वळून बघायचा."

"म्हणून त्यांचं तोंड बंद केलंस?" तो हसला. "अगं, किंचाळत होते, पण थांबवत होते ना!"

जन्मभर लोकांनी मला 'हळू बोल' म्हणून सुनावलं... आणि मी सायकलशी तेच केलं होतं.

स्पिरिटनं रिम पुसली. ब्रेकची रबरं तेल प्यायली होती, ती फेकून नवी बसवली. ढिली वायर ताणली. नट तीनदा निसटला, मी तीनदा शिवी हासडली. ओटिसचे हात खिशात नुसते वळवळत होते.

"हात शिवशिवतायत?"

"फार."

"मग लाव की! संडासाला घाबरतोस?"

"संडासाला नाही. पण मी केलं तर उतारावर तुझा भरवसा माझ्यावर राहील... स्वतःवर नाही."

"आणि तुझा? मी केलेल्या कामावर?"

मी सपाटीवर दोनदा ब्रेक तपासले, तोवर तो गल्लीचा उतार उतरून खाली रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"बाजूला हो, मूर्खा!"

"नाही होणार. ये तू!"

मी सुटले. वारा, घंटी, त्याचा लाल शर्ट... मुठी आवळल्या. ब्रेक असे किंचाळले की वरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "कोण मेलं गं?"

चाक त्याच्या बुटांपासून वीतभर अलीकडे थांबलं होतं.

"अजून किंचाळतायत," मी कशीबशी म्हणाले.

"किंचाळू देत. तू येतेयस ते मला लांबून कळेल."

आणि त्यानं हात खिशातून काढले. माझ्या काळ्या बोटांवर ठेवले—हँडलसकट.

"ओटिस... सायकलला हात लागला तुझा. महिनाभर संडास."

"माहितेय. म्हणूनच नीट धरलंय."

मी हात सोडवून घेतला नाही.

"ब्रश दोन आहेत का?" मी विचारलं.