बावीस मापं

दारात तो अनोळखी माणूस उभा राहिला तेव्हा वनमालाच्या अंगात बोलायचंही त्राण नव्हतं. बाबा तापानं फणफणलेले, आणि रात्रभर घरातलं पाणी उपसून तिचे हात भरून आलेले. त्यात आरेजवळचा पाऊस मोजायचं बाबांचं कामही आज सकाळी तिनंच उरकलं होतं. आणि आता हा कोण, गुडघाभर चिखलात माखलेला!

"मी विद्याधर. अंधेरीच्या कचेरीत पावसाचे अंदाज काढतो. सकाळी फोनवर आकडा कुणी सांगितला?"

"मी."

"अकरा इंच?" दोन दिवसांच्या जागरणानं त्याचे डोळे लाल झाले होते. "खात्री आहे?"

वनमाला भडकलीच. "अर्ध्या इंचाचं माप बावीस वेळा भरून ओतलंय मी! तुम्ही किती लिहिलंत?"

"एक पूर्णांक एक..." तो खाली बघत म्हणाला. "वाटलं, दशांशचिन्ह राहिलं असेल. मीच घातलं. पण नकाशात वादळ किनाऱ्यावरून हलेना, मग चैन पडेना... म्हणून चालत आलो."

"अहो, ओढ्याकाठी चाळीस झोपड्या आहेत!"

"तेच तर! संध्याकाळी भरती आहे, ओढ्याचं पाणी तुंबेल. उगाच माणसं हलवली तर नोकरी जाईल माझी, आणि नाही हलवली तर—"

तिनं काचेचं माप त्याच्या हातात कोंबलं. "चला. स्वतः मोजा."

बाबांच्या इरल्याखाली दोघं अंगणातल्या पर्जन्यमापकावर वाकली. तीन तासांत पुन्हा पाणी साठलं होतं. ती धरायची, तो ओतायचा. बोटं लागायची... आणि मग दोघंही उगाचच मापाकडे निरखून बघायची. पाचव्या मापाला तो थांबला.

"पुरे. तुमचाच आकडा खरा."

टेकडीवरच्या गुरांच्या गोठ्याच्या कचेरीतून त्यानं फोन केला आणि धोक्याचा इशारा दिला. दुपारपर्यंत पोरंबाळं, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं वर गोठ्यात आलं. दिवेलागणीला ओढा फुगला अन् झोपड्या वाहून गेल्या. माणूस मात्र एकही गेला नाही. विद्याधर तोवर खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपला होता, हातात चहाचा कप तसाच. वनमालानं तो हळूच सोडवून घेतला. जरा जास्तच हळू, खरं सांगायचं तर.

आठ दिवसांनी लख्ख ऊन पडलं, आणि स्वारी पुन्हा दारात! तितकीच दमलेली.

"बाबा बरे आहेत आणि पाऊसही नाही," वनमाला म्हणाली. "आज काय तपासायला आलात?"

"काही नाही. कचेरीत बसतो, पण नकाशावर नजर ठरत नाही... तू मला आवडतेस, वनमाला."

तिचे कान तापले. पण त्या सकाळचा राग थोडा शिल्लक होता, तो तिनं आता वसूल केला.

"खात्री आहे?"

"बावीस वेळा मोजलंय."

"आणि दशांशचिन्ह?"

"कुठंच घातलेलं नाही."

वनमाला दारातून बाजूला सरकली. "या आत. चहा ठेवते... या खेपेला झोपायचं नाही हं!"