शेकरांची दोन दारं

जुन्या प्रार्थनाघराच्या बायकांच्या दाराशी हिमानीने बूट काढले, अन् बघते तर पलीकडे पुरुषांच्या दाराशीही एक बुटांची जोडी! बाकी सगळे गोरे लोक बूट घालून खुशाल आत. जोडीचा मालक मात्र थंडीत मोज्यांवर उभा… एका मोज्यातून अंगठा बाहेर.

"काय बघून राहिले?" ती म्हणाली.

"मराठी? तरीच! प्रार्थनेच्या जागी बूट काढणारं इथं दुसरं कोण भेटणार!"

तो केदार, पुण्याचा.

दोन हजार दोनचं साल होतं. मॅसॅच्युसेट्सच्या त्या गावात हिमानी एकटी उरलेली. दोघी रूममेट्सचा ले-ऑफ झाला अन् त्या नागपूरला परत गेल्या. शनिवार-रविवार बोलायला भिंती. मग लायब्ररीत शेकर लोकांच्या गाण्यांची सीडी सापडली. पेटी नाही, तबला नाही. नुसते माणसांचे गळे अन् पायांचा ठेका. जसं काही शेजारी बायकांचं भजन चाललंय! त्या दिवशी पोरगी किती दिवसांनी पोटभर जेवली.

शेकर म्हणजे लग्न न करणाऱ्या एका जुन्या ख्रिस्ती पंथाची मंडळी. बाया एका दाराने, बाप्ये दुसऱ्याने. आता त्यांच्या प्रार्थनाघराचं म्युझियम झालेलं. तिथली मार्था नावाची म्हातारी दर शनिवारी दुपारी गाणी शिकवायची.

"शहाणे होते हे लोक. लग्नच नको," केदार चिडवायचा.

"मग राहा ना तसेच. कोणी अडवलं?"

"अडवा की…"

मे महिन्यात त्याची बदली दूर दुसऱ्या राज्यात, हर्नडनला झाली. शेवटचा शनिवार. आज सांगायचंच, असं ठरवून आलेली हिमानी… नुसतीच जाऊन रांगेत उभी राहिली.

रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या. गात गात तीन पावलं पुढे, तीन पावलं मागे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा पुरुषांची रांग मागे गेली, अन् केदार तिथंच!

"ब्रदर, मागे!" मार्था ओरडली.

"मागे नाही जायचं, मावशी," तो चक्क मराठीत म्हणाला. मग हळूच, "हिमानी… येशील हर्नडनला? लग्न करून?"

गाणं थांबलं. तिच्याही रांगेतल्या बाया मागे सरकल्या होत्या. हिमानी एक पाऊल पुढे आली. ज्या शेकर बायांनी उभ्या जन्मात लग्न केलं नाही, त्यांनी तिला एवढ्या थंडीत जगवलं, अन् वर हेही दिलं! तिने मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

"येते," ती म्हणाली. "पण गाणं पुरं करू दे. अर्धवट सोडलं तर मार्था मावशी रागावेल."