जरा जळल्यासारखं होतंय

स्टाफची गाडी त्या दिवशीही उशिरा होती. हॉस्पिटलच्या पोर्चमधल्या बाकावर तीन नव्या सिस्टर पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, रिकाम्या डब्याची पिशवी मांडीवर घेऊन, औषधांच्या खोलीतले काका. काचेच्या पेटीत हात घालून कॅन्सरची इंजेक्शनं तयार करायची, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. पुढच्या महिन्यात ते रिटायर होणार होते.

"सोमवारपासून लाल औषध मला एकटीला द्यायला लावणार आहेत," तिघींतली सगळ्यात लहान म्हणाली. "आत्तापासूनच हात थरथरतोय."

"हात थरथरला तर चालेल," काका म्हणाले. "डोळा लागायला नको."

सगळ्यांचेच पाय भरून आले होते. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"तुम्हाला घड्याळताईंचं सांगतो. तुमच्या आधीच्या त्या. अर्धं त्यांच्या तोंडून ऐकलंय, अर्धं मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे खोटं म्हणू नका."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

डिसेंबरातला मंगळवार. रात्रीचे आठ वाजायला दहा मिनिटं कमी होती तेव्हा घड्याळताई औषध न्यायला तळमजल्यावर काकांच्या खिडकीशी आल्या. हे नाव त्यांना पेशंटांनीच दिलेलं. गणवेशावर उलटं घड्याळ टाचलेलं असायचं आणि कुठलंही औषध त्या ठरल्या मिनिटाला सुरू करायच्या, ठरल्या मिनिटाला संपवायच्या. बावीस वर्षांची नोकरी. पण त्या दिवशी जोडीदार सिस्टर रजेवर होती आणि ताई सकाळी सातपासून उभ्या होत्या. जेवण म्हणाल तर चार बिस्किटं, तीही हातमोजे बदलता बदलता खाल्लेली.

"अजून एक राहिलंय का?" काकांनी सिरिंजची पिशवी खिडकीतून पुढे करत विचारलं. पिशवीवर पेशंटचं नाव, डोस, वेळ, सगळं लिहिलेलं.

"एकच. लॅबचं मशीन बंद होतं, तिचा रक्ताचा रिपोर्ट साडेसहाला आला. लांबून येते बिचारी. डॉक्टर म्हणाले, आजच देऊन टाका." ताईंनी पिशवीवरचं नाव वाचलं, हातातल्या कागदाशी ताडून पाहिलं, सही केली. "घरून माझ्या मुलीचे तीन फोन आले. कधी येतेस, कधी येतेस. तिला म्हटलं, अगं आले, निघालेच."

"सावकाश द्या हो. घाई करू नका."

"मला शिकवताय का काका?" ताई हसल्या. पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. जिना चढताना त्या कठड्याला धरून चढल्या, हे काकांनी पाहिलं.

दिवसा औषध घेऊन घरी जाणाऱ्यांचा तो डे-केअरचा हॉल बाकी सहालाच रिकामा झाला होता. दोन्ही बाजूंनी खुर्च्या, समोरासमोर, पाचपाच. त्या मागे रेलणाऱ्या, निळ्या रेक्झिनच्या. खिडकीकडच्या तीन नंबरच्या खुर्चीत ती पेशंट बसली होती. पस्तिशीची, शिवणकाम करणारी. नवरा खाली गोळ्या आणायला गेला होता आणि तिथून शेवटची बस किती वाजता आहे ते विचारून येणार होता.

ताईंनी गाऊन चढवला, दोन जोड हातमोजे घातले. तोंडाने त्या नेहमीचं सांगत होत्या. पाठच झालं होतं ते.

"आज-उद्या लघवी लाल होईल. रक्त नाही ते, औषधाचा रंग आहे, घाबरायचं नाही. दोन दिवस संडासचं झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं. उलटी झाली तर घरच्यांनी हातमोजे घालूनच पुसायची. तोंड येईल, मऊ ब्रशने दात घासा. आणि आठव्या दिवसापासून पुढे जर ताप आला, शंभरच्या वर गेला, तर घरी गोळी घेऊन झोपायचं नाही. मध्यरात्र असली तरी इथे यायचं."

"केस?"

"जातील. पण परत येतात."

"ब्लाउज शिवायला केस लागत नाहीत म्हणा," ती म्हणाली. "हात राहिला म्हणजे झालं."

हाताचीच पंचाईत होती. आधीच्या तीन वेळांना औषध दुसरं होतं, पण तेवढ्यानेच शिरा रुसून बसल्या होत्या. ताईंनी कोपरापासून खाली सगळा हात चाचपला, गरम कापड ठेवून पाहिलं. शेवटी सुई कशीबशी बसली ती डाव्या हाताच्या पालथ्या बाजूला. एरवी तिथे लाल औषध ताई देत नसत. तिथे कातडी पातळ, खाली लगेच नसा. पण दुसरी जागा शोधायची तर अर्धा तास गेला असता. सलाईन सुरू केलं. सिरिंज किंचित मागे ओढली, रक्त आलं, म्हणजे सुई शिरेतच होती. ठीक. मग पंधरा मिनिटांचं काम. थोडं औषध ढकलायचं, थांबायचं, मागे ओढून रक्त येतंय का बघायचं, पेशंटला विचारायचं, मग पुन्हा थोडं.

उलटीच्या औषधाने बाईला झोप लागली. विचारायचं कोणाला?

ताई स्टुलावर बसून ढकलत राहिल्या. समोर झोपलेली बाई, पलीकडे काळीभोर खिडकी, पाठीमागे रिकाम्या खुर्च्यांची दुसरी रांग. पावलं ठणकत होती. रक्त मागे येतंय का, हे त्यांनी दुसऱ्यांदा बघितलंच नाही. नंतर त्यांनी स्वतःच काकांना सांगितलं. "बघायचं राहून गेलं असं नाही काका. बघितलं नाही. येईलच, असं म्हटलं मनाशी."

चार मिनिटांत निम्मी सिरिंज गेली.

दारावरच्या पाटीवर प्रत्येक खुर्चीच्या घंटीचा एकेक दिवा होता. खुर्चीतल्या पेशंटने बटण दाबलं की तो लागायचा. त्यातला सहाचा दिवा लागला.

ताईंनी वर पाहिलं. वायरिंग खराब असेल, म्हटलं. दिवा विझला. त्यांनी पुन्हा थोडं औषध ढकललं.

दिवा पुन्हा लागला.

सहा नंबरची खुर्ची त्यांच्या पाठीमागच्या रांगेत होती. उठून बघता येत नव्हतं. सिरिंज अर्ध्यावर आहे, हात सोडायचा नाही, हा नियम. हॉलमध्ये त्या दोघींशिवाय कोणी नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दार त्यांनीच लोटलं होतं.

दिवा विझेना.

मागे रेक्झिन करकरलं. कोणी सावकाश, अंग चोरून बसावं, तसं.

ताईंनी मान वळवली नाही. समोरच्या खिडकीच्या काचेत हॉल दिसत होता. दिवे. खुर्च्या. सहा नंबरमध्ये... कोणीतरी होतं. मान खाली. पांढरे केस. उजव्या हातात डावा हात धरलेला. लहान मूल धरावं तसा, जपून.



"बाई..."

आवाज अगदी हळू. दुसऱ्याला त्रास नको, अशा बेताचा.

"बाई... जरा जळल्यासारखं होतंय."

आणि ताईंच्या तोंडून बावीस वर्षांच्या सवयीने, मागे न बघता, उत्तर निघालं. "औषध जोरदार आहे ना आजी, थोडंसं हो..."



हेच वाक्य त्यांनी एकदा म्हटलं होतं. याच हॉलमध्ये. त्याच सहा नंबरच्या खुर्चीतल्या बाईला. नऊ वर्षं झाली. गणिताच्या निवृत्त शिक्षिका होत्या त्या, कधी कशाची तक्रार न करणाऱ्या. एकदाच म्हणाल्या, जरा जळल्यासारखं होतंय. ताई म्हणाल्या, थोडंसं होतंच. मग त्या गप्प बसल्या. पोरांना गप्प बसवण्यात आयुष्य गेलेलं, स्वतः गप्प बसायला काय वेळ लागणार? तिसऱ्या दिवशी हातावर फोड आले, मग जखम. औषध शिरेबाहेर पडून आत मांस जाळत गेलं होतं. मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागली. दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. त्यात दोन महिने उपचार थांबले, आणि पुढच्या वर्षी बाई गेल्या. हातामुळे गेल्या असं नाही म्हणता येणार. पण नाही असंही कोण सांगणार? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सिस्टरची चूक नाही. माझाच हात हलला असेल." ताई तेव्हा शेजारीच उभ्या होत्या. काही बोलल्या नव्हत्या.

ताईंनी खाली पाहिलं.

झोपलेल्या बाईच्या हातावर, सुईच्या जरा वर, चिंचोक्याएवढा फुगवटा आला होता. भोवती लाली.

ताईंचा अंगठा जागच्या जागी थांबला.

त्यांनी सिरिंज मागे ओढली. रक्त आलं नाही.

सलाईन बंद केलं. सुई काढली नाही. आधी तिच्यातूनच जेवढं औषध परत ओढता येईल तेवढं ओढलं, थेंब थेंब. मग सुई काढली. फुगवट्याभोवती पेनने रेघ मारली, हात उशीवर उंच ठेवला. बाईला हलवून जागं केलं.

"ताई? झालं का?"

"नाही. औषध थोडं शिरेबाहेर गेलंय. माझ्याकडून. बोटं हलवून दाखवा मला. जळतंय का?"

"जळतंय... झोपेत वाटलं स्वप्नच आहे."

कोपऱ्यातल्या फ्रिजला कुलूप होतं, किल्ली ताईंच्या खिशात. आत बर्फाच्या दोन पिशव्या होत्या. त्यांनी एक घेतली, कुलूप लावलं, पिशवी कापडात गुंडाळून बाईच्या हातावर ठेवली. मग डॉक्टरांना फोन, मग काकांना.

सहा नंबरकडे त्या एकदाही वळल्या नाहीत. पाटीवरचा दिवा कधी विझला, ते त्यांना आठवत नव्हतं.

अशा वेळी द्यायचं उताऱ्याचं औषध काकांच्या कपाटात होतं. ते तयार करून काका जिना चढून आले तोवर डॉक्टर पोहोचले होते. उताऱ्याचं औषध दुसऱ्या हातातून सुरू झालं. नवरा गोळ्यांची पुडी हातात घेऊन भिंतीशी उभा. शेवटची बस गेलेली. ताईंनीच त्याला बाजूला बसवलं आणि काय झालं ते सरळ सांगितलं.

"हात वाचेल का?" त्याने विचारलं.

"वेळेवर थांबलंय. वाचायला हवा."

"तुम्ही वेळेवर बघितलंत म्हणून."

ताई उठून बाईच्या हातावरची पेनची रेघ पुन्हा बघायला गेल्या.

हात वाचला, तो भाग वेगळा. पंधरा दिवस सूज होती, मग कातडी सोलवटली, महिन्याभराने तिथे नुसता एक फिका डाग राहिला. राहिलेली इंजेक्शनं तिला छातीतल्या नळीतून दिली. पुढे तिने काकांच्या मुलीच्या लग्नातले ब्लाउज शिवले.

पण गोष्ट त्या रात्रीची. बाईला वॉर्डात हलवल्यावर ताई टेबलाशी बसल्या आणि रिपोर्ट लिहायला घेतला. जागा चुकीची निवडली, दुसऱ्यांदा तपासलं नाही, घाईने ढकललं. सगळं लिहिलं, खाली सही केली. मग दुसरा कागद ओढला. त्यावर नऊ वर्षांपूर्वीची तारीख घातली. मेट्रन आल्या होत्या, त्यांनी वाकून वाचलं.

"हे कशाला आता? ती पेशंटही नाही राहिली."

"असू द्या फाइलला."

"नोकरीवर येईल तुमच्या."

"येऊ दे मॅडम. दमले मी." एवढंच म्हणाल्या, आणि लिहीत राहिल्या. "त्यांचा हात हलला नव्हता" हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं. पहिल्यांदा अक्षर हललं होतं म्हणून.

काका रिकामं औषधाचं ताट उचलायला थांबले होते. दहा वाजत आले होते. सफाईच्या मावशी एका टोकाकडून खुर्च्या पुसत येत होत्या. एक, दोन, तीन. मग वळून पलीकडची रांग.

सहा नंबरपाशी मावशी थांबल्या.

"ताई," त्यांनी हाक मारली. "हे इथे कोणी बांधून ठेवलं?"

काका जवळ गेले. ताई टेबलाशी उभ्या राहिल्या, पुढे आल्या नाहीत.

खुर्चीच्या डाव्या हातावर बर्फाची दुसरी पिशवी होती.

ताईंनी खिशातली किल्ली काढून काकांकडे दिली. काकांनी फ्रिज उघडला. खण रिकामा होता.

पिशवीतला बर्फ पार वितळलेला. पाणी कोमट. मध्ये एक खळगा, पालथा हात तासभर दाबून ठेवल्यावर पडावा तसा. भोवती गॉझची पट्टी, व्यवस्थित, कडेला कड मिळवून गुंडाळलेली.

काकांनी गाठ पाहिली. दोन हातांची गाठ कशी असते, ती त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. ही तशी नव्हती. ही एकाच हाताने मारलेली होती, वेडीवाकडी, बऱ्याच प्रयत्नांनी.

आणि पट्टीचं दुसरं टोक ओलं होतं. चुरगळलेलं. दातांत धरून ओढल्यासारखं.