चार वाजताचा विसार

“आज चार वाजता मी मावशीची सगळी पुंजी एका माणसाच्या हातात विसार म्हणून देणार आहे,” पत्रवाली म्हणाली, “आणि सकाळी दाराखालून हे आलं.”

तिने टेबलावर कागद ठेवला. ‘त्या घराचा’, ‘विसार’, ‘देऊ नका’, अशा एकाखाली एक तीन ओळी. सही नाही. अक्षरं डाव्या हाताने काढल्यासारखी वेडीवाकडी होती, पण तिन्ही ओळी डावीकडे दोन बोटं जागा सोडून अगदी सरळ रेषेत सुरू झाल्या होत्या.

वहिनींनी कागद उजेडात धरला. खासगी तपासाचं काम त्या बारा वर्षं आपल्या बाहेरच्या खोलीत बसून करत होत्या. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचे धाकटे दीर मदतीला येत. मदत म्हणजे भाऊजी सगळं वहीत टिपून घेत आणि दर अर्ध्या तासाने कुणाला तरी गुन्हेगार ठरवत. आजवर त्यांचा एकही अंदाज खरा ठरला नव्हता, पण उत्साह तसूभरही कमी झाला नव्हता.

“आधी तुमचा धंदा समजावून सांगा,” वहिनी म्हणाल्या.

धंदा सरळ होता. गावातली बंद घरं हेरायची, नोंदींतून मालकांचे पत्ते काढायचे आणि थेट पत्र टाकायचं, की घर विकायचं असेल तर मला फोन करा. मधे दलाल नाही. म्हणूनच गावात तिला ‘पत्रवाली’ म्हणत. शंभरांतले दोघं-तिघं फोन करत. मग कुणाकडून तरी पैसा उभा करायचा, घर दुरुस्त करून विकायचं आणि पैसे देणाऱ्याला नफ्यासकट परत करायचे. अशी दोन घरं पार पडली होती. तिसऱ्यासाठी निवृत्त परिचारिका असलेली मावशी पुढे आली होती.

“आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. हे पैसे बुडाले तर या वयात तिच्याकडे काही उरणार नाही.”

“मालक खरा कशावरून?”

“वकिलांनी नोंदी तपासल्या. नाव जुळतं, ओळखपत्र आहे. शिवाय माझं पत्र पाकिटासकट घेऊन आले होते ते. हे बघा. फोन मात्र जरा उशिरा केला, सोळा तारखेला. बाकीचे चार-पाच दिवसांत करतात.”

पाकिटावर दूरच्या शहरातला पत्ता सुंदर हस्ताक्षरात होता. एक कोपरा खरवडलेला होता. तिकिटावर इथल्या टपाल कार्यालयाचा शिक्का, तारीख तीन. मागच्या बाजूला आणखी दोन शिक्के एकमेकांवर चढले होते. वहिनींनी भिंग भाऊजींच्या हातात दिलं.

“सहा तारीख, त्या शहराचा,” भाऊजींनी वाचलं. “आणि चौदा तारीख, आपल्याच गावाचा. टपालवाल्यांचा गोंधळ, दुसरं काय!”

“टिपून ठेवा. आणि खाली छापलेला हा पाठवणाऱ्याचा पत्ता कुणाचा?”

“प्रेसचा. पत्रं तिथेच छापते,” पत्रवाली म्हणाली. “मी एकटी घरातून काम करते. कुणी तडकून दारात येऊन उभं राहायला नको. उत्तरं तर फोनवरच येतात.”

“पत्ते हाताने कोण लिहितं?”

“आमच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग सर. छापील पत्ता दिसला की लोक पाकीट न फोडताच टाकून देतात.”

“अकरा वाजलेत. चला, भाऊजी.”

मावशी एकटीच गॅलरीत बसली होती. “तीन रात्री झोप नाही,” तिने कबूल केलं. “घर मी पाहिलेलं नाही. पोरीवर विश्वास आहे, म्हणून हो म्हटलं.”

“चिठ्ठी हिचीच!” जिन्यात भाऊजी कुजबुजले. “पैसे द्यायचे नाहीत आणि तोंडाने सांगवत नाही.”

“मग ती सरळ झोप येत नाही म्हणून कशाला सांगेल?” वहिनी म्हणाल्या, आणि भाऊजींनी नाखुशीने वहीत काट मारली.

ड्रॉइंग सरांच्या टेबलावर पाकिटांचा ढीग होता. प्रत्येक पत्त्याच्या ओळी एका रेषेत.

“पट्टी लागत नाही?”

“पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, बाई. हात आपोआप दोन बोटं सोडतो.” सर हसले. “कोरी पाकिटं दर बुधवारी प्रेसमधून आणतो. प्रेसवाला माझा बालमित्र.”

त्या घराचा विषय निघाला मात्र, सरांनी गुळणी धरली. पुढचं पाकीट ओढून ते पत्ता लिहू लागले.

प्रेसमध्ये यंत्राची धडधड चालू होती. प्रेसवाले काका हात पुसत पुढे आले.

“न पोचलेली पत्रं इथे परत येतात का हो?” वहिनींनी ओरडून विचारलं.

“दोन-चार येतात. मी रद्दीत टाकतो. तिला काय त्यांचा उपयोग?”

परतल्यावर वहिनी अर्धा तास त्या दूरच्या शहरात फोन करत बसल्या. तेवढ्यात भाऊजींनी जेवून एक डुलकी काढली.

साडेतीनला पत्रवालीच्या पुढच्या खोलीत मावशी, सर आणि प्रेसवाले काका जमले होते. व्यवहाराला साक्षीदार हवेत, असं काकांना सांगितलं होतं.

“आपण सगळे चिठ्ठी कुणी लिहिली हे शोधत होतो,” वहिनी म्हणाल्या. “पण चिठ्ठी खरी का, हा खरा प्रश्न होता. हे पाकीट बघा. तीन तारखेला इथून निघालं, सहाला तिकडे पोचलं. तिथेच मालकाला मिळालं असतं, तर त्यावर चौदा तारखेचा इथला शिक्का कसा?”

भाऊजींनी वही उघडली आणि कपाळावर हात मारला. “म्हणजे ते परत आलं!”

“मालक घर बदलून गेले होते. पोस्टमनने तसा शेरा मारला असणार, म्हणून तर कोपरा खरवडलाय. पत्र चौदाला गावात परत आलं आणि सोळाला ‘मालकाचा’ फोन आला. परत आलेलं पत्र पाकिटावर छापलेल्या पत्त्यावर, म्हणजे प्रेसमध्ये जातं. ते फक्त एका माणसाच्या हाती लागू शकतं, आणि त्याला आयतंच कळतं की कुठल्या घराचा मालक कुणाला सापडत नाही. त्या नावाचं खोटं ओळखपत्र देऊन एक माणूस उभा करायचा, झालं.”

काका ताडकन उठले. “रद्दी कुणीही उचलू शकतं!”

“कुणा रद्दीवाल्यासाठी सर गप्प बसले नसते. सर, तुम्ही पाहिलंत ना?”

सरांचे डोळे भरून आले. “गेल्या बुधवारी याच्या टेबलावर माझं पाकीट पाहिलं. बंद. परवा हिच्या फायलीत तेच पाहिलं. विचारायला गेलो, तर म्हणाला, तुला हल्ली नीट दिसत नाही. साठ वर्षांची मैत्री... उघड बोलायची छाती झाली नाही. डाव्या हाताने लिहिलं.”

“हात बदलला, समास नाही बदलला,” वहिनी हळूच म्हणाल्या.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. चारला बेल वाजली. दारात हसतमुख ‘मालक’ होते आणि त्यांच्या मागे वहिनींनी बोलावलेले फौजदार. हे ‘मालक’ काकांचे साडू निघाले. दोघांची वरात जिन्यावरून खाली गेली.

पत्रवाली फाईल मिटून खाली बसली. “सगळं संपलं. मावशी, मला माफ कर. तुझे पैसे उद्याच...”

“थांबा,” वहिनींनी फोन लावून तिच्या हातात दिला. “त्या शहरातल्या इमारतीच्या रखवालदाराने नवा नंबर दिला. खरे मालक लेकीकडे राहतात.”

पलीकडे एक वयस्क पण ठणठणीत आवाज होता. पत्रवालीने अडखळत सगळं सांगितलं. कुणी तरी त्यांचं घर विकायला निघालं होतं, तेसुद्धा.

“बरं झालं फोन केलात,” म्हातारे म्हणाले. “दहा वर्षं विकायचं म्हणतोय. कुणी विचारलंच नाही हो! रविवारी लेकीला घेऊन येतो, समोरासमोर बोलू.”

पत्रवालीने फोन ठेवला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि गालांवर पाणी.

“प्रेसमधली बाकीची परतीची पत्रं फौजदारांकडून मागून घ्या,” वहिनी म्हणाल्या. “त्या मालकांना अजून कुणीच गाठलेलं नाही.”

मावशी तोवर चपला घालून दारात उभी होती.

“आता कुठे निघालीस?”

“घर बघायला. पैसे माझे आहेत, तर भिंतीही मीच ठोकून बघणार. रविवारी त्या गृहस्थांसमोर मला बोलता यायला हवं. ऊठ, चल.”